आधी मोजा, मग पैसे मोजा



गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेच्या क्रीडास्पर्धांत एक प्रसंग घडला. कबड्डीचा अंतिम सामना अगदी रंगात आला होता. विज्ञान मंडळाची मुले शाळेचा डिजिटल कॅमेरा घेऊन मैदानाच्या कडेला बसली होती. शेवटची चढाई सुरू झाली. चढाई करणाऱ्या मुलाला तिघांनी धरले, तो खाली पडला आणि पडल्या पडल्या त्याने हात लांबवून मध्यरेषेला टेकवला. नेमक्या त्याच क्षणी कॅमेरा रुसला! बटण दाबले तरी फोटो निघेना. एक लाल दिवा तेवढा लुकलुकत राहिला. तो विझेपर्यंत विजयी संघाची मिरवणूकही सुरू झाली होती. हात रेषेला टेकण्याचा फोटो काही मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी मंडळाची बैठक झाली. "कार्ड हळू आहे," असा निकाल एकमताने लागला. रद्दी विकून जमवलेले पैसे मंडळाकडे होते. दुकानात काचेमागे एक कार्ड होते. त्यावर '३००' हा आकडा सोनेरी अक्षरांत छापलेला होता. जुन्या कार्डावर '९५' होता. "सर, तिपटीहून जास्त वेग! घेऊन टाकू ना?" मुलांनी मला विचारले.

मी म्हणालो, "घ्या की. पण आधी मोजा, मग पैसे मोजा."

हे मी का म्हणालो, तेच आज तुम्हाला सांगायचे आहे. माझे मत थोडक्यात असे : कार्डावरचा मोठा आकडा तुमच्या प्रश्नाचे उत्तर नसतो. तुमच्या प्रश्नाचे उत्तर गणिताच्या पुस्तकातल्या त्या जुन्या, कंटाळवाण्या वाटणाऱ्या नळ आणि हौदाच्या उदाहरणात असते.

पहिल्या कॅमेऱ्यापासूनची अडचण

ही अडचण आजची नाही. १९७५ साली अमेरिकेतील कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना तयार केला. त्याचे वजन सुमारे साडेतीन किलो होते. त्याचे चित्र १०० ठिपके रुंद आणि १०० ठिपके उंच, म्हणजे एकूण १०,००० ठिपक्यांचे होते. ते साठवायला त्याने साधी ध्वनिफितीची कॅसेट वापरली होती. दृश्य टिपायला क्षणाचाही अवकाश लागत नसे, पण ते फितीवर उतरायला २३ सेकंद लागत! म्हणजे डोळा वेगवान आणि हात मंद, ही गोष्ट डिजिटल छायाचित्रणात जन्मापासूनच आहे.

आज कॅसेटची जागा नखाएवढ्या कार्डाने घेतली आहे. त्या कार्डात 'फ्लॅश' जातीची स्मृती असते. जपानमधील तोशिबा कंपनीच्या फुजिओ मासुओका यांनी ही स्मृती शोधून काढली आणि १९८४ साली ती जगापुढे मांडली. या स्मृतीतला मोठा भाग एका दमात पुसला जातो. ते पाहून त्यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण झाली, म्हणून हे नाव पडले. गंमत पाहा, कॅमेऱ्यावरून जिचे नाव पडले, ती पुढे कॅमेऱ्याच्याच पोटात जाऊन बसली. आपण नेहमी वापरतो ते एसडी कार्ड १९९९ साली जाहीर झाले.

वाचणे सोपे, लिहिणे अवघड

कार्डात अब्जावधी सूक्ष्म कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात इलेक्ट्रॉन कोंडून ठेवता येतात आणि किती कोंडले यावरून माहिती ठरते. कप्प्याभोवती विद्युत्‌रोधक थर असतो. म्हणूनच वीज बंद केली, कार्ड खिशात घालून गावाला गेलात, तरी फोटो जागच्या जागी राहतात. पण हाच थर लिहिताना आडवा येतो. इलेक्ट्रॉन त्यातून जोर लावून आत ढकलावे लागतात. थोडे ढकलायचे, पुरेसे गेले का ते तपासायचे, पुन्हा थोडे ढकलायचे, अशी ही पद्धत आहे. वाचताना मात्र नुसते डोकावून पाहायचे असते. साहजिकच कार्ड वाचायला जेवढा वेळ लागतो, त्याहून लिहायला जास्त लागतो.

दुसरी गोष्ट अशी की, लिहिलेल्या कप्प्यावर पुन्हा लिहायचे तर आधी ते पुसावे लागते, आणि एकटा कप्पा पुसता येत नाही. त्याच्या शेजारपाजारचा सगळा गठ्ठाच पुसावा लागतो. समजा, पाटीवरचे एक अक्षर बदलायचे आहे. पण तुमच्याजवळ एवढा मोठा ओला बोळा आहे की फिरवला की सगळी पाटीच पुसली जाते. मग तुम्ही काय कराल? हवा तो मजकूर दुसऱ्या कोऱ्या पाटीवर उतरवून घ्याल आणि मग पहिली पाटी पुसाल. कार्डातला छोटा नियंत्रक सतत हीच उठाठेव करीत असतो. कार्ड भरत आले आणि कोऱ्या पाट्या संपत आल्या की ही उठाठेव वाढते आणि लिहिण्याचा वेग खाली येतो.

आता दुकानातला आकडा पुन्हा पाहा. पुष्कळ कार्डांवर मोठ्या अक्षरांत छापलेला वेग हा 'वाचण्याचा' आणि 'जास्तीत जास्त' वेग असतो. कॅमेऱ्याला फोटो काढताना गरज असते ती 'लिहिण्याच्या' आणि 'कमीत कमी' वेगाची. उन्हाळ्यात पाण्याच्या टाकीचा नळ घ्यायला गेलात आणि दुकानदाराने पावसाळ्यात नदीला किती पूर येतो ते सांगितले, तर तुम्ही काय म्हणाल?

खरी माहिती त्याच कार्डावर असते, पण ती बारीक खुणांत. इंग्रजी 'सी' अक्षराच्या पोटात १० असेल, तर दर सेकंदाला सलग निदान १० मेगाबाइट लिहिण्याची हमी असते. 'यू' अक्षराच्या पोटात १ असेल तर १० आणि ३ असेल तर ३० मेगाबाइट. 'व्ही' अक्षरापुढे ३०, ६० किंवा ९० असेल, तर तेवढ्याच मेगाबाइटची हमी. काही कार्डांवर '६३३ पट' अशी भाषा असते. यातला एक पट म्हणजे पहिल्या काळातल्या संगणकीय तबकडीचा सेकंदाला १५० किलोबाइट हा वेग. तेव्हा ६३३ पट म्हणजे सुमारे ९५ मेगाबाइट. ९५ च्या जागी ६३३ छापले की कार्ड किती दांडगे वाटते, पाहा!

हौदाचे गणित

'एक नळ हौद भरतो, दुसरा रिकामा करतो. दोन्ही एकदम उघडले तर हौद किती वेळात भरेल?' हे उदाहरण तुम्ही सोडवले असेल, आणि सोडवताना मनात म्हणाला असाल, 'पण दोन्ही नळ एकदम उघडणारा शहाणा कोण?' मित्रहो, तो शहाणा तुमच्या हातातला कॅमेरा आहे.

कॅमेऱ्याने टिपलेला फोटो थेट कार्डात जात नाही. तो आधी कॅमेऱ्यातल्या एका जलद पण तात्पुरत्या स्मृतीत जातो. तिला बफर म्हणतात. हाच आपला हौद. संवेदकाकडून येणारे फोटो हा भरणारा नळ आणि कार्डाकडे जाणारी वाट हा रिकामा करणारा नळ.

आता आकडे घेऊ. समजा, एक कॅमेरा सेकंदाला ८ फोटो काढतो. फोटो 'रॉ' प्रकारात, म्हणजे संवेदकाच्या कच्च्या नोंदीसारखे, ठेवायचे आहेत आणि प्रत्येक फोटो २५ मेगाबाइटचा आहे. भरणाऱ्या नळाचा वेग झाला सेकंदाला २०० मेगाबाइट. हौद धरू ६०० मेगाबाइटचा.

पहिले कार्ड सेकंदाला ४० मेगाबाइट लिहिते. हौदात दर सेकंदाला २०० वजा ४०, म्हणजे १६० मेगाबाइट साचतात. ६०० भागिले १६० म्हणजे पावणेचार सेकंद. तेवढ्यात ३० फोटो निघतात आणि हौद काठोकाठ भरतो. आमचा कॅमेरा रुसला तो असा.

दुसरे कार्ड दुप्पट वेगाचे, ८० मेगाबाइटचे घेऊ. आता साचतात १२० आणि हौद भरायला लागतात ५ सेकंद. तेवढ्यात ४० फोटो. कार्डाचा वेग दुप्पट झाला, पण फोटो ३० चे ६० झाले नाहीत, ४० झाले. मात्र हौद भरल्यानंतर या वेगाचा पुरेपूर फायदा दिसतो. पहिल्या कार्डावर भरलेला हौद रिकामा व्हायला १५ सेकंद लागतील, दुसऱ्यावर साडेसात. म्हणजे वेगवान कार्ड निरुपयोगी असते असे मी म्हणत नाही. त्याचा उपयोग कोठे आणि किती, हे गणिताने सांगता येते एवढेच म्हणतो.

आता ३०० आकड्याचे कार्ड घालू. येथे आणखी एक गोष्ट मध्ये येते, ती म्हणजे कॅमेरा आणि कार्ड यांच्यामधली वाट. एसडी कार्डांच्या 'यूएचएस' नावाच्या पद्धतीत पहिल्या प्रकारच्या वाटेची कमाल मर्यादा सेकंदाला १०४ मेगाबाइट आहे आणि दुसऱ्या प्रकारच्या वाटेची ३१२. दुसऱ्या प्रकारच्या कार्डाला मागे संपर्काच्या सोनेरी पट्ट्यांची एक जादा रांग असते. हे कार्ड पहिल्या प्रकारच्या कॅमेऱ्यात घातले तर बसते आणि चालतेही. पण जादा रांगेला टेकायला कॅमेऱ्यात काहीच नसते. मग ते गुपचूप जुन्या वाटेने, जुन्याच मर्यादेत काम करते. रस्ता एकेरी बैलगाडीचा असेल, तर त्यावर मोटार किती पळणार? आपल्या कॅमेऱ्याची वाट सेकंदाला ८० मेगाबाइटचीच असेल, तर ३०० च्या कार्डानेही हौद ५ सेकंदांतच भरणार आणि फोटोही ४० च निघणार.

आता कार्डाला हातच लावू नका. फोटोचा प्रकार तेवढा बदला. रॉऐवजी 'जेपेग' या आवळलेल्या प्रकारात तोच फोटो समजा ८ मेगाबाइटचा झाला. भरणारा नळ सेकंदाला ६४ मेगाबाइटवर आला. पहिल्या, हळू कार्डावर आता हौदात सेकंदाला फक्त २४ मेगाबाइट साचतात आणि तो भरायला २५ सेकंद लागतात. तेवढ्यात २०० फोटो! दुसऱ्या कार्डावर तर हौद भरणारच नाही, कारण रिकामा करणारा नळ भरणाऱ्यापेक्षा मोठा झाला. नवे कार्ड घेऊन ३० चे ४० झाले होते. एक पैसाही न खर्चता ३० चे २०० झाले.

वेग कोठे लागतो, कोठे लागत नाही

पुष्कळांची समजूत असते की वेगवान कार्डाने फोटो जास्त स्वच्छ येतात. तसे मुळीच नाही. फोटोची स्पष्टता भिंग, संवेदक, प्रकाश आणि हाताची स्थिरता यांवर ठरते. कार्डाकडे पोचेपर्यंत फोटो बराभला जसा व्हायचा तसा होऊन गेलेला असतो.

रात्रीच्या आकाशाचे फोटो घ्यायचे असतील तर काय? तेथे रॉ प्रकारच चांगला, कारण अंधारातले बारकावे त्यात टिकतात. पण एकेका फोटोला २० सेकंद लागत असतील, तर २५ मेगाबाइट २० सेकंदांत लिहायचे, म्हणजे सेकंदाला सव्वा मेगाबाइट! कोणतेही चालू कार्ड हे काम झोपेत करील.

चलच्चित्राची गोष्ट वेगळी. तेथे हौदाला उसंत मिळत नाही. भरणारा नळ तासभर उघडाच असतो. रिकामा करणारा नळ क्षणभर जरी फार मंदावला तरी चित्रण बंद पडते. म्हणून तेथे 'कमीत कमी' वेगाची हमी फार महत्त्वाची. पण तेथेही हिशेब करा. कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत 'सेकंदाला १०० मेगाबिट' असे लिहिलेले पाहून १०० च्या वरचे कार्ड शोधू नका. तो बिट आहे, बाइट नव्हे. ८ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० मेगाबिट म्हणजे साडेबारा मेगाबाइट. व्ही ३० खुणेचे कार्ड त्याला पुरून उरते. ४०० मेगाबिटांचे चित्रण करायचे असेल तर मात्र ५० मेगाबाइट लागतात आणि व्ही ६० घेणे भाग आहे. तेथे काटकसर करून चालणार नाही.

कोणी म्हणेल, "एवढा हिशेब कशाला? सर्वांत वेगवान कार्ड घ्या आणि मोकळे व्हा." ज्याच्या खिशात पैसे खुळखुळतात त्याने खुशाल तसे करावे. पण त्यातही एक धोका आहे. अडचण जेथे नाही तेथे पैसे घातले की अडचण तशीच राहते. मग आपण म्हणतो, "एवढे महाग कार्ड घेतले तरी अडकतो, म्हणजे कॅमेराच टाकाऊ!" आणि पुढच्या खरेदीला निघतो. न मोजता केलेली एक खरेदी दुसरीला जन्म देते. शाळेच्या मंडळाला, आणि घरच्या संसारालाही, हे परवडत नाही.

कार्ड बनवणाऱ्यांबद्दलही मला एक सांगायचे आहे. ते खोटे छापतात असे नाही. 'पर्यंत' हा शब्द बारीक अक्षरांत बहुधा असतोच. पण ज्या आकड्याचा ग्राहकाला उपयोग तो बारीक आणि ज्याचा डोळ्यांना मोह तो मोठा, ही रीत बरी नाही. लिहिण्याचा किमान वेग मोठ्या अक्षरांत छापला पाहिजे. तो तसा छापला जाईपर्यंत बारीक खुणा वाचायला शिकणे आपल्या हाती आहे.

आणि शिक्षकांना माझी विनंती अशी : नळ-हौदाच्या उदाहरणात एकदा हौदाच्या जागी कॅमेरा घालून पाहा. 'हे शिकून उपयोग काय?' हा प्रश्न त्या तासाला तरी कोणी विचारणार नाही.

तुम्हीही करून पाहा

यासाठी प्रयोगशाळा नको. एक कॅमेरा आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ पुरे. कार्डातले फोटो आधी संगणकावर उतरवून घ्या आणि मग कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. कॅमेरा सलग फोटो काढण्यावर ठेवा. पानांनी भरलेल्या झाडासारखे बारकाव्याचे एकच दृश्य सतत समोर असू द्या, कारण जेपेग फोटोचा आकार दृश्याप्रमाणे बदलतो. बटण दाबून धरा आणि वेग मंदावेपर्यंत किती फोटो निघाले ते मोजा. मग बटण सोडा आणि दिवा विझायला किती सेकंद लागले ते मोजा. असे तीनदा करून सरासरी काढा. मग फोटोचा प्रकार बदलून तेच करा. मित्राचे कार्ड मिळाले तर तेही घालून पाहा, पण एका वेळी एकच गोष्ट बदला. एक सूचना विसरू नका : दिवा लुकलुकत असताना कार्ड किंवा बॅटरी कधीही काढू नका. त्या वेळी कार्डात लिहिणे चालू असते आणि अर्धवट लिहिलेले वाया जाते, कधी कधी आधीचेही.

आमच्या मुलांनी हेच केले. शाळेच्या अंगणातल्या आंब्यासमोर कॅमेरा धरून एका शनिवारी त्यांनी वहीभर आकडे उतरवले. तेव्हा कळले की कॅमेरा प्रत्येक फोटो रॉ आणि जेपेग अशा दोन्ही प्रकारांत ठेवत होता. कोणी केव्हा तसे लावून ठेवले होते, कोणास ठाऊक! नुसत्या जेपेगवर आणल्यावर तेच जुने कार्ड घालून मुलांनी बटण दाबून धरले, आणि फोटो मोजता मोजता तेच थकले, कॅमेरा थकला नाही. पुस्तिका काढून पाहिली, तर कॅमेऱ्याची वाट पहिल्या प्रकारची निघाली. सोनेरी आकड्याच्या कार्डाची ती जादा रांग येथे नुसती शोभेची ठरली असती.

रद्दीच्या पैशांतून मंडळाने व्ही ३० खुणेची दोन साधी कार्डे घेतली. एक वापरायला आणि दुसरे जवळ राखून ठेवायला. कारण हळू कार्डाने एखादा क्षण हुकतो, पण एकुलते एक कार्ड बिघडले तर सगळाच दिवस हातचा जातो. उरलेले पैसे पेटीत आहेत.

त्या चढाईचा फोटो मात्र गेला तो गेलाच. यंदाच्या सामन्यांआधी पुन्हा एकदा मोजून ठेवायचे, असे मुलांनी ठरवले आहे. तुमच्या शाळेचा कॅमेरा किती फोटोंनंतर थांबतो, हे तुम्हाला ठाऊक आहे का? नसेल, तर येत्या शनिवारी एखाद्या झाडासमोर उभे राहा आणि मोजायला लागा.